नियममामांची घरगाडी

बागेच्या फाटकावरची नियमांची पाटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे मामा होते. दुबईत पाट्यांना तोटा नाही. बाग, समुद्रकिनारा, पोहण्याचा तलाव, लिफ्ट, सगळीकडे एक पाटी असतेच. आम्ही आत जाऊन, चटई अंथरून, डबे उघडून बसलो तरी मामा फाटकाशीच उभे असायचे, हात मागे बांधून, चष्मा नाकाच्या टोकावर. मग सावकाश येऊन सांगायचे, "शेगडी चालणार नाही. सायकल चालणार नाही. पतंगाबद्दल काही लिहिलेलं नाही." आणि पिशवीतून पतंग काढायचे.

नियममामा हे नाव माझ्या बाबांनी ठेवलं होतं. त्यात थोडी थट्टा होती. बाबांना वाटायचं, मेहुणा भित्रा आहे. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. पण भित्रा माणूस पाटी वाचून परत फिरतो, आणि मामा पाटी वाचून पतंग काढायचे, हा फरक लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.

मामा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. तिथे रिकाम्या व्हॅन यायच्या आणि कोणाची आइस्क्रीमची गाडी, कोणाची पावाची, कोणाची फिरती दवाखान्याची गाडी होऊन बाहेर पडायच्या. नवी गाडी आली की मामा टेप घेऊन आत शिरायचे आणि आधी चाकांवरचे उंचवटे मोजायचे. मी एकदा विचारलं होतं की खिडकीपासून सुरुवात का नाही करत. ते म्हणाले, "जे हलणार नाही ते आधी मोजायचं. मग उरलेली सगळी जागा आपली." पाट्याही ते तशाच वाचत असावेत.

दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली आणि ती जागा भराभर कमी होऊ लागली. क्रेन होत्या तिथेच थांबल्या. आमच्या इमारतीखाली तीन गाड्या महिनोन् महिने धूळ खात उभ्या राहिल्या. मालक चावी आतच टाकून विमानतळावर गेले होते म्हणे. बाबांची अबुधाबीतली नोकरी जानेवारीत गेली. नशिबाने त्यांना लगेच कुवेतला दुसरी मिळाली आणि आईबाबा तिकडे गेले. माझी दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती, म्हणून मी मामा-मामींकडे राहिले. त्यांना मूल नव्हतं. मामीने मला शिवणयंत्राची खोली रिकामी करून दिली आणि मामांनी एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिथे भिंतीत मिटणारं टेबल बसवलं.

मी फार बोलायचे नाही. शाळा इंग्रजी, मैत्रिणी केरळच्या आणि पाकिस्तानच्या, आणि घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर. मराठी मला कळायची, पण दर चौथा शब्द अंदाजाने. एखादा शब्द अडला की मी मान हलवायचे. होकारार्थी किंवा नकारार्थी, समोरच्याला काय हवंय ते चेहऱ्यावरून ओळखून. ही युक्ती इतकी चांगली चालायची की मला मराठी छान कळते असं सगळे म्हणत.

फेब्रुवारीत मामांचं वर्कशॉपही बंद झालं. एका ग्राहकाची अर्धवट व्हॅन तिथे पडून होती. तो देश सोडून गेला होता. मालक मामांना म्हणाले, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. मामांनी ती आणली आणि सहा आठवडे रोज सकाळी डबा घेऊन तिच्याकडे कामावर जावं तसे जात राहिले. दोन झोपायच्या फळ्या, मधे एक पडदा, पाण्याची टाकी, एक बर्नर, माझ्या खोलीतल्यासारखं मिटणारं टेबल, छताला खिडकी, आणि मिसळणाचा डबा हलू नये म्हणून त्याच्या मापाचा गोल खाचा. मामीने तिला घरगाडी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. रस्त्यावर आणायच्या तपासणीत ती दोनदा नापास झाली. मामा दोन्ही वेळा कारणांचा कागद घेऊन आनंदात घरी आले. "बघ, किती नीट लिहून दिलंय," मामीला म्हणाले. मामी म्हणाली, "अहो, फ्रेम करून लावा."

गाडी नुसती हौस नव्हती. कुवेतमध्ये थंडीत लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, आणि बाबांच्या ओळखीचे तिथले एक गॅरेजवाले अशा फिरत्या घरांचं काम सुरू करणार होते. त्यांनी फोटो पाहून मामा-मामीला कुवेतचा भेटीचा व्हिसा पाठवला होता आणि निरोप दिला होता: गाडी आणून दाखव, मग बोलू. मामा त्रेपन्न वर्षांचे होते. दुबईचा व्हिसा संपायला बारा दिवस होते. भारतात डाव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी चालत नाही, हे त्यांना अर्थातच पाठ होतं. म्हणजे एकतर ती गाडी कुवेतला पोचायची, नाहीतर मामा रिकाम्या हाताने पुण्याला.

आणि कुवेतच्या वाटेवर सौदी होतं. तेव्हा तिथे कोणी फिरायला जात नसे; तसा व्हिसाच नव्हता. नुसतं आरपार जाण्यासाठी तीन दिवसांचा परवाना मिळे, तोही पुढच्या देशाचा व्हिसा हातात असेल तर. बाईला नवऱ्याशिवाय किंवा रक्ताच्या माणसाशिवाय जाता येत नसे. मला विमानात बसवून देऊ, असं बाबा फोनवर म्हणत होते. मामा दोन दिवस कागद वाचत बसले आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी जाहीर केलं, "मामा चालतो. आत्याचा नवरा चालत नाही, पण मामा चालतो." मी त्यांच्या गाडीतून आईबाबांकडे जाणार हे असं ठरलं. माझ्या आईच्या आणि मामांच्या पासपोर्टवर बापाचं नाव एकच, म्हणून त्या दोन पानांच्या प्रती त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवल्या.

मग उजळणी सुरू झाली. काय न्यायचं नाही याची इंग्रजी यादी मी मोठ्याने वाचायची आणि मामा आपल्या वहीत मराठीत उतरवायचे. वाचताना मी अर्थाकडे लक्ष देत नसे, उच्चाराकडे देत असे. मामीने आपला छोटा पितळी गणपती शेजारच्या बाईंकडे ठेवायला दिला. दारावरचं तोरण काढलं. निघायच्या आदल्या दिवशी मामा वही घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि एकेक विचारू लागले. पुस्तकं? सीडी? औषधं? मी मान हलवत होते. "खसखस?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, खोकल्याचं काहीतरी असेल. मामांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की उत्तर नाही असं हवंय. मी नाही म्हटलं. त्यांनी बरोबरची खूण केली.

माझ्या बॅगेत तळाशी एक स्टीलचा डबा होता. तो तीन आठवड्यांपूर्वी पुण्याहून आला होता, आजीच्या ओळखीच्या एका बाईंबरोबर. आजी म्हणजे मामांची आणि माझ्या आईची आई. डब्यात अनारसे होते, आणि वर चिठ्ठी: "तुझ्या आईला दे. मामाला दाखवू नकोस, सगळे संपवेल." हा आजीचा आणि माझा पहिलाच गुप्त करार होता. मी तो नीट पाळला होता.

आम्ही पहाटे निघालो. मामा ताशी ऐंशीच्या वर जात नसत. अबुधाबी मागे पडलं, मग खजुरीची झाडंही संपली, आणि उरला फक्त रस्ता आणि ट्रक. सरहद्दीच्या अलीकडे साधारण पस्तीस किलोमीटरवर मामांनी शेवटच्या चहासाठी गाडी बाजूला घेतली. पुन्हा वही उघडली. ही शेवटची उजळणी, म्हणाले, नंतर खलास. खसखस आली तेव्हा मामी चहा गाळत म्हणाली, "अहो, किती वेळा? इथे आल्यापासून मी अनारसे रव्यावर थापतेय. ती जाळी येत नाही, ती चव येत नाही. अठरा वर्षं झाली."

अनारसे हा शब्द मला येत होता. माझ्या हातातला कप थांबला. बोलायचं की नाही हे ठरवायला मला किती वेळ लागला कोण जाणे. चहावर साय धरली होती.

"मामी, खसखस म्हणजे काय?"

"ते बारीक पांढरे दाणे गं. अनारशाच्या पाठीला असतात ते."

"इंग्रजीत?"

"पॉपी सीड्स," मामा वहीत बघतच म्हणाले. "तूच तर वाचलंस."

मी वाचलं होतं. त्या ओळीपुढे काय शिक्षा लिहिली होती तेही वाचलं होतं, चांगल्या उच्चारात. सौदीचं सोडाच, दुबईतही त्या दाण्यांना बंदी होती. तीन आठवडे तो डबा मामांच्या घरात होता.

मी बॅग उघडली, डबा काढला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. मामांनी झाकण उघडलं. वरची चिठ्ठी त्यांनी वाचली, पाटी वाचत तशी, शेवटपर्यंत. मग पुन्हा वाचली. चष्मा काढून शर्टाला पुसला.

मामी कुजबुजल्यासारखं म्हणाली, "एक खा तरी. पोटात कोण बघतंय?"

"पोटातलंही बघतात," मामा म्हणाले. "लिहिलेलं आहे."

त्यांनी एक अनारसा दोन बोटांत उचलला, उलटा केला, त्यावरचे दाणे पाहिले, आणि डोळे मिटून वास घेतला. पाच वर्षांत ते पुण्याला गेले नव्हते. आधी कामामुळे, नंतर काम नव्हतं म्हणून. अनारसा त्यांनी परत डब्यात ठेवला, अगदी पहिल्या जागी.

चाक वाळूत रुतलं तर म्हणून घेतलेलं फावडं त्यांनी काढलं. रस्त्यापासून बरंच आत जाऊन गुडघाभर खड्डा केला. इतका खोल कशाला, असं मामीने विचारलं तर म्हणाले, "उंटाने खाल्ले तर? त्याला कोण सोडवणार." हसलं कोणीच नाही, पण मामीने पदराने तोंड पुसलं. वाळवंटात कचरा टाकायलाही मनाई होती, आणि मामांना ते माहीत होतं. खड्डा बुजवून आल्यावर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. मी नंतर पाहिलं. लिहिलं होतं: "वाळूत पुरले. नग एकवीस. ही एक चूक माझी."

मग पूर्ण घरगाडी रिकामी झाली. गाद्या, भांडी, कपडे, सगळं रस्त्याकडेला. मामांनी प्रत्येक खाचा ब्रशने झाडला. माझी बॅग पिण्याच्या पाण्याने तीनदा धुऊन बॉनेटवर वाळत घातली, डबाही धुतला, आम्ही तिघांनी हात धुतले, कपडे बदलले. दोन तास गेले असतील. त्या दोन तासांत मामा माझ्याशी एवढंच बोलले:

"मी विचारलं होतं, तू नाही म्हणालीस."

"शब्द माहीत नव्हता."

"मग विचारायचं."

"लाज वाटली."

ते गादीचा कोपरा झटकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मनू, इथे श्वास सोडून प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो. 'म्हणजे काय' विचारायला मात्र लागत नाही. फुकट आहे ते. वापरत जा." मग चिठ्ठी घडी करून त्यांनी पासपोर्टमध्ये ठेवली. "चिठ्ठीवर बंदी नाही," म्हणाले. "यल्ला, चला."

सौदीच्या बाजूला गाडी तपासायला कुत्रा आला. तो फळ्यांखाली शिरला, मिसळणाच्या डब्याशी घुटमळला, आणि माझ्या ओलसर बॅगेशी थांबला. मी अंगभर काळ्या अबायात उभी होते. मामा हात मागे बांधून उभे होते. कुत्रा शिंकला आणि उतरला. अधिकाऱ्याने प्रत्येक कप्पा उघडला. मिटणारं टेबल त्याने एकदा उघडलं, मिटलं, आणि कारण नसताना पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे वळून, मामांकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, हा कोण?

हे उत्तर पाठ होतं. अरबीत आईच्या भावाला खाल म्हणतात. मामांनी माझ्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मामा."

अधिकाऱ्याने मामांच्या भरघोस मिशीकडे पाहिलं. मग मामीकडे. मग परत मिशीकडे. अरबीत मामा म्हणजे आई. ज्याला विचारलं त्यानेच उत्तर द्यायचं, हाही मामांनीच सांगितलेला नियम होता. एरवी मी मान हलवली असती. या वेळी मी सांगितलं, पूर्ण, त्याच्याकडे बघून: माझ्या भाषेत आईच्या भावाला मामा म्हणतात, तुमच्या भाषेत खाल, हे माझे खाल आहेत. त्याने आतल्या माणसाला हाक मारून ते सांगितलं, आणि दोघं इतके हसले की बाकीचे कागद त्याने उभ्या उभ्याच पाहिले. "यल्ला, मामा," म्हणून शिक्का मारला.

पुढचे दोन दिवस आम्ही त्या देशातून गेलो. ठरलेला रस्ता सोडायचा नव्हता, वाटेल तिथे मुक्काम करायचा नव्हता, नमाजाच्या वेळी पंप बंद होत तेव्हा रांगेत गप्प बसायचं होतं. मामांनी डॅशबोर्डवर परवान्याचे उरलेले तास लिहिलेला कागद चिकटवला होता आणि दर तासाला एक खोडत होते. इतक्या बंधनांत एवढं मोकळं मला पुन्हा कधी वाटलं नाही. सकाळी ट्रकच्या तळावर गाडी उभी असताना मी बाहेर उतरू का, असं विचारलं. मामांनी विचार केला. "उतरू नकोस. पण मागचं दार उघडून दारात बस. दारात बसायला बंदी लिहिलेली नाही." मी दारात पाय सोडून बसले. समोर गुलाबीसर वाळू, लांबवर उंटांची ओळ, हातात मामीचा आल्याचा चहा. मी मामांना विचारत सुटले होते. खाचा म्हणजे काय, उंचवटा म्हणजे काय, भरघोस म्हणजे काय. ते गाडी चालवत सगळ्याला उत्तर देत होते.

कुवेतला पोचल्यावर गॅरेजवाल्यांनीही ते टेबल दोनदा उघडून मिटलं, आणि मामांना ठेवून घेतलं. तिथे सगळे त्यांना मामाच म्हणत. अरबी लोक ते म्हणताना हसत, मामांना त्याचं काही वाटत नसे. ते तिथे नऊ वर्षं राहिले. आजी दुसऱ्याच वर्षी गेली. मामा पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी तोवर पुण्यात राहायला आले होते. निवृत्त होऊन तिथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मामा मला घेऊन वाण्याकडे गेले. तिथे खसखस उघड्या पोत्यात होती, तांदळाशेजारी. मामा बराच वेळ पोत्याकडे बघत उभे राहिले. मग आवाज खाली आणून पन्नास ग्रॅम मागितली आणि बिल मागितलं. वाणी म्हणाला, एवढ्याशाला बिल कशाला, आजोबा? मामांनी घेतलंच. ते बिल पुडीला टाचून स्वयंपाकघरात कितीतरी दिवस होतं. मामी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

अनारसे मात्र त्या घरात झाले नाहीत. मामीचे हात थरथरू लागले होते, आणि मामांनी कधी मागितले नाहीत. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी मामीसमोर बसून शिकले. पीठ तीनदा बिघडलं. चौथ्यांदा जाळी पडली. आजीचा तोच स्टीलचा डबा भरून मी त्यांच्या उशाशी नेला.

मामांनी एक उलटा करून पाहिला. आवाज फार बारीक झाला होता. "यावर काय आहे?"

"खसखस."

"म्हणजे काय?" डोळ्यांत जुनी खोडी होती.

"पॉपी सीड्स."

"सांगितलंस, बरं केलंस. आता दार लाव."

मी उठून दार लावलं. अर्धा त्यांनी खाल्ला, फार सावकाश, मधे मधे थांबून. उरलेला माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले. चार दिवसांनी ते गेले. चिठ्ठी त्यांच्या जुन्या पासपोर्टमध्येच होती, सौदीच्या शिक्क्याच्या पानावर. "मामाला दाखवू नकोस, सगळे संपवेल." डब्यात वीस उरले होते. एकवीसच केले होते मी, मोजून.